सनद, तिकीट आणि हुकूमनामा : सातारा-सांगलीच्या वकिलीतील फी आणि कर्तव्ये

विसाव्या शतकाच्या मध्यावर डब्लिनमधील सॉलिसिटर आणि साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयातील वकील हे दोघेही इंग्रजी कायद्याच्या परंपरेतच वाढलेले असले, तरी त्यांच्या कामाची वाटणी अगदी निराळी होती. आयर्लंडमध्ये पक्षकाराची गाठ घेणे, दस्त तयार करणे, त्याचे पैसे सांभाळणे आणि कज्ज्याची सारी कागदपत्रे उभी करणे हे सॉलिसिटरचे काम असे, आणि वरिष्ठ न्यायालयातील युक्तिवाद बॅरिस्टर करीत असे. हीच दुहेरी पद्धत मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत, म्हणजे जेथे शहरातील मोठ्या रकमांचे दावे थेट दाखल होत त्या शाखेत, 1970च्या दशकापर्यंत टिकून होती. मुंबई शहराबाहेरच्या मुलखाला मोफसल म्हणत आणि त्या मोफसलीत सॉलिसिटर नावाचा वर्गच नव्हता. सातारा, वाई, कराड किंवा तासगाव येथील वकील पक्षकाराची हकीकत ऐकून घेई, दावा लिही, त्यावर किती रकमेचे तिकीट लावायचे हे ठरवी, साक्षीदारांची तपासणी घेई आणि निकालानंतर वसुलीची दरखास्तही तोच देई. त्यामुळे सरकारने न्यायदानावर बसवलेल्या प्रत्येक शुल्काचा आणि प्रत्येक बंधनाचा पहिला भार याच एका माणसावर येऊन पडे, आणि तो भार पुढे पक्षकाराच्या, बहुतेक वेळा शेतकऱ्याच्या, अंगावर कसा उतरे हे समजून घेतल्याशिवाय या भागातील न्यायव्यवस्थेचा इतिहास कळत नाही.

वकिली करण्याच्या लेखी परवान्याला सनद म्हणतात. मुंबई इलाख्यात तिचे नियम प्रथम 1827च्या एल्फिन्स्टन संहितेत आले. त्या संहितेच्या दुसऱ्या विनियमात वकिलांची नेमणूक, त्यांचे वर्तन आणि त्यांना मिळायची फी यांची तरतूद होती. त्यानंतर 1846च्या पहिल्या अधिनियमाने कंपनी सरकारच्या मुलखात वकिलीची दारे जात, धर्म वा वंश न पाहता पात्र माणसाला खुली केली आणि वकील व पक्षकार यांना फी आपसात ठरवण्याची मोकळीक दिली. त्या वेळी सातारा स्वतंत्र संस्थान होते. 1848मध्ये शहाजी उर्फ आप्पासाहेब महाराजांच्या निधनानंतर ते खालसा झाले आणि कंपनीची न्यायव्यवस्था तेथे आली. पुढे 1920च्या मुंबई वकील अधिनियमाने मोफसलीतील वकिलांच्या सनदा, त्यांची फी आणि त्यांची शिस्त हे सारे एका कायद्यात आणले. 1923च्या कायद्याने केवळ स्त्री असल्याच्या कारणावरून कोणालाही वकिलीपासून दूर ठेवता येणार नाही असे ठरले, आणि 1926च्या बार कौन्सिल अधिनियमाने उच्च न्यायालयाच्या वकिलांसाठी स्वतंत्र मंडळ निर्माण केले.

वकिलीच्या पायऱ्यांपैकी वरच्या, म्हणजे उच्च न्यायालयाच्या, पायरीवर चढणे खर्चाचे होते. भारतीय मुद्रांक अधिनियम, 1899 याच्या मूळ अनुसूचीत उच्च न्यायालयाच्या पटावर अॅडव्होकेट किंवा वकील म्हणून नाव नोंदवण्यावर 500 रुपये आणि अॅटर्नी म्हणून नाव नोंदवण्यावर 250 रुपये मुद्रांक शुल्क होते. दिवाणी न्यायालयात 500 रुपयांचा दावा हा बऱ्यापैकी मोठा दावा समजला जात होता, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते. ज्याच्या घरी इनाम, सावकारी किंवा सरकारी नोकरी होती त्याला ही रक्कम उभी करता येई. कोरडवाहू शेतीवर शिकलेल्या मुलाला ती सहज उभी करता येत नसे. जिल्हा न्यायालयांपुरत्या सनदेवर काम करणाऱ्यांचा वर्ग मोफसलीत मोठा राहिला त्याचे हे एक कारण मानले पाहिजे. 1940च्या सुमारास बहुजन समाजातील शिकलेली मुले या पेशात येऊ लागली. यशवंतराव चव्हाण 1941मध्ये कायद्याची पदवी घेऊन कराडला वकिली करू लागले, ते याच प्रवाहातले.

सांगलीची गोष्ट आणखी वेगळी होती. सांगली, मिरज, जत, औंध आणि फलटण ही संस्थाने असल्यामुळे त्यांच्या हद्दीत त्यांची स्वतःची न्यायालये, स्वतःचे नियम आणि स्वतः छापलेली कोर्ट-फीची तिकिटे चालत, तर तासगाव, वाळवा आणि खानापूर हे तालुके ब्रिटिश सातारा जिल्ह्यात मोडत. कृष्णाकाठच्या एकाच कुटुंबाची थोडी जमीन खालशात, म्हणजे ब्रिटिश मुलखात, आणि थोडी संस्थानात असणे ही नित्याची बाब होती, आणि अशा कुटुंबाच्या वाटणीच्या तंट्यात दोन सरकारांचे दोन तऱ्हेचे कागद लागत. 8 मार्च 1948 रोजी दक्षिणेतील संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाल्यावर हा दुपेडीपणा संपला. 1949मध्ये जुन्या जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले, आणि 1960मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. विलीनीकरणाच्या राजकीय बाजूवर पुष्कळ लिहिले गेले आहे. एका गावच्या माणसाला शेजारच्या गावी दावा लावताना परमुलखाचे तिकीट घ्यावे लागत नाही, हा त्यातला साधा लाभ मात्र फारसा नोंदला गेलेला नाही.

खरी गुंतागुंत कोर्ट-फीत होती. न्यायालयात दाखल होणाऱ्या कागदावर सरकार जे शुल्क घेते ते कोर्ट-फी, आणि ते रोखीने न घेता तिकिटाच्या रूपाने घ्यायचे, असा 1870च्या कोर्ट-फी अधिनियमाचा नियम होता. वकिलाला आपल्या वतीने काम चालवण्याचा अधिकार देणारा वकालतनामा जिल्ह्याच्या न्यायालयात दाखल करताना मूळ दराने आठ आण्यांचे आणि उच्च न्यायालयात दोन रुपयांचे तिकीट लागे. दाव्यावरची फी दाव्याच्या किमतीनुसार चढत जाई. 100 रुपयांपर्यंत दर पाच रुपयांना सहा आणे, त्यापुढे 1,000 रुपयांपर्यंत दर दहा रुपयांना बारा आणे, त्यानंतर 5,000 रुपयांपर्यंत दर शंभर रुपयांना पाच रुपये, आणि पुढे दर आणखी उतरत जाऊन कितीही मोठ्या दाव्यावर 3,000 रुपयांपेक्षा अधिक फी नाही, अशी त्या मूळ अनुसूचीची रचना होती. या दराने 100 रुपयांच्या दाव्याला साडेसात रुपये, 1,000 रुपयांच्या दाव्याला 75 रुपये आणि 10,000 रुपयांच्या दाव्याला 475 रुपये पडत. म्हणजे लहान रकमेसाठी भांडणारा शेकडा साडेसात देई आणि मोठ्या रकमेसाठी भांडणारा शेकडा पावणेपाच देई. लहान माणसाकडून जास्त दराने आणि मोठ्या माणसाकडून कमी दराने शुल्क घेणारी ही रचना अन्यायाची होती, आणि ती जवळजवळ नव्वद वर्षे, दर मधूनमधून वाढवले जात असतानाही, तशीच चालू राहिली. त्यात अपिलाच्या अर्जालाही त्याच अनुसूचीने पुन्हा फी लागत असल्यामुळे एकाच तंट्यावर दोनदा शुल्क भरावे लागे.

जमिनीच्या दाव्यात हाच कायदा अचानक सौम्य होई. जमिनीची किंमत बाजारभावाने न धरता सरकारी आकारणीच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, पटीत धरायची असे अधिनियमाचे सातवे कलम सांगे, आणि मुंबई इलाख्यासाठी त्यात स्वतंत्र नियम होता. तीस वर्षांपर्यंतच्या मोजणी-बंदोबस्तावर धारण केलेल्या आणि पूर्ण सारा भरणाऱ्या जमिनीची किंमत आकारणीच्या पाचपट धरली जाई. बंदोबस्त त्याहून लांब मुदतीचा किंवा कायमचा असेल तर दहापट. आणि इनाम असल्यामुळे सारा पूर्ण किंवा अंशतः माफ असेल तर माफ झालेल्या रकमेची दहापट त्यात मिळवली जाई. एखाद्या शेताची आकारणी पाच रुपये असेल तर दाव्यासाठी त्याची किंमत 25 रुपये ठरे आणि त्यावर एक रुपया चौदा आणे कोर्ट-फी पुरे होई, मग बाजारात ते शेत कितीही किमतीला विकले जावो. सातारा जिल्ह्यात इनाम जमिनींचा आढळ मोठा असल्यामुळे आकारणी किती, माफी किती आणि उरलेली जुडी, म्हणजे इनामावरही भरावा लागणारा सारा, किती हे उताऱ्यावरून नेमके काढणे हा वकिलाच्या कसबाचा भाग होता. किंमत कमी लावली तर शिरस्तेदार हरकत घेई, जास्त लावली तर पक्षकाराचे पैसे फुकट जात, आणि चुकीच्या किमतीमुळे दावा भलत्याच न्यायालयात जाण्याचाही संभव असे. केवळ हक्क जाहीर करून मागणाऱ्या दाव्याला, ज्यात जमिनीचा ताबा किंवा पैसा मागितलेला नसतो त्याला, मूळ कायद्यात सरसकट दहा रुपये फी होती. म्हणून अनेक दावे ताबा न मागता नुसता हक्क मागण्याच्या स्वरूपात लिहिले जात आणि त्या लिखाणावरच दोन्ही बाजूंची पहिली लढाई होई.

कागद दाखल झाल्यावर तिकिटाचे काय करायचे हेही कायद्याने बारकाईने सांगितले होते. तिकिटावरील रकमेचा आकडा शाबूत ठेवून त्यावरील राजमुद्रेच्या मस्तकाचा भाग यंत्राने टोचून काढायचा आणि निघालेला तुकडा जाळून किंवा अन्य प्रकारे नष्ट करायचा, असे त्या अधिनियमाचे तिसावे कलम सांगे. वापरलेले तिकीट उकलून पुन्हा दुसऱ्या कागदावर चिकटवण्याचा लबाडीचा मार्ग बंद करणे हा त्यामागचा हेतू होता. जुन्या दप्तरातील दाव्यांच्या पहिल्या पानावर आकडा वाचता येतो पण चेहऱ्याच्या जागी वाटोळे भोक दिसते, त्याचे कारण हेच आहे. तिकीट वटवून झाल्याशिवाय त्या कागदावर पुढचे काम चालवायचे नाही, असाही नियम असल्यामुळे कारकुनाच्या हातातील त्या टोचणीलाही कज्ज्याच्या कामात स्वतःचे स्थान होते.

कोर्ट-फीखेरीज दस्तांवरचे मुद्रांक शुल्क ही वेगळी बाब होती. खत, गहाणखत, खरेदीखत किंवा कर्जरोखा पुरेशा मुद्रांकावर नसेल तर न्यायालय तो पुराव्यात घेत नसे; बहुतेक दस्तांच्या बाबतीत तुटीची रक्कम आणि तिच्या दहापटीपर्यंतचा दंड भरून दोष दूर करता येई, पण वचनचिठ्ठीच्या बाबतीत तेवढीही सवलत नव्हती. एका आण्याचे तिकीट न लावल्यामुळे शेकडो रुपयांची वचनचिठ्ठी निरुपयोगी ठरू शकते, हे कर्ज देणाऱ्याला आधी सांगणे आणि कर्ज घेणाऱ्याच्या बाजूने ती उणीव न्यायालयात दाखवणे, ही दोन्ही कामे वकिलाच्या कर्तव्यातच मोडत.

ज्याच्यापाशी फी भरायला पैसे नाहीत त्याला कायद्याने एक वाट ठेवली होती. 1908च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या तेहतिसाव्या आदेशानुसार, ज्याच्यापाशी दाव्याची फी भरण्याइतके साधन नाही, किंवा अशी फी ठरलेलीच नसेल तेव्हा अंगावरचे आवश्यक कपडे आणि दाव्याची मालमत्ता सोडून ज्याच्यापाशी 100 रुपयांचाही ऐवज नाही, त्याला फी न भरता दावा लावण्याची परवानगी मागता येई. त्यासाठी त्याने स्वतः हजर होऊन आपल्या साऱ्या चीजवस्तूंची यादी द्यायची, सरकारी वकिलाने त्याच्या दारिद्र्याची उलटतपासणी करायची आणि दावा जिंकल्यावर फी सरकारला आधी वसूल करता यायची, असा तो मार्ग होता. बैलजोडी असलेला शेतकरी या व्याख्येत क्वचितच बसे, आणि बैलजोडी विकून कोर्ट-फी भरणे म्हणजे पुढच्या वर्षाची पेर सोडणे होय. 1976च्या दुरुस्तीने ही मर्यादा 1,000 रुपये झाली आणि ‘पॉपर’ (कंगाल) या जुन्या अपमानास्पद संज्ञेच्या जागी निर्धन व्यक्ती ही संज्ञा आली.

दाव्याचा निकाल लागल्यावर जो औपचारिक लेख तयार होतो तो हुकूमनामा, आणि त्याच्या तळाशी दोन्ही बाजूंच्या खर्चाचा तक्ता असतो. दाव्यावरील तिकीट, वकालतनाम्याचे तिकीट, समन्स बजावणीची फी, साक्षीदारांचा भत्ता आणि वकिलाची फी असे रकाने त्यात ओळीने येतात. येथे वकिलाची फी म्हणजे पक्षकाराने प्रत्यक्षात दिलेली रक्कम नव्हे. दाव्याच्या किमतीवरून कायद्याच्या अनुसूचीने काढलेली सरकारी दराची फी होय. वकील पक्षकाराशी खासगीत याहून कमी किंवा जास्त रक्कम ठरवू शकत असे, पण हरलेल्या बाजूकडून वसूल होई ती सरकारी दराचीच. सावकाराने भरलेली कोर्ट-फी, वकिलाची फी आणि भत्ते अशा रीतीने हरलेल्या कुळाच्या, म्हणजे कर्जदाराच्या, डोक्यावर मूळ कर्ज आणि व्याज यांच्या जोडीला येऊन बसत. बरेचदा कूळ न्यायालयात हजरच न राहिल्यामुळे एकतर्फी निकाल लागे आणि ज्या खर्चाची त्याला वार्ताही नाही तो त्याच्या जमिनीच्या लिलावातून वसूल होई. 1875मध्ये पुणे आणि नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळली त्यामागे या हुकूमनाम्यांची दहशत होती. जोतीराव फुले यांनी 1883 साली लिहून पुरा केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कचेऱ्या आणि कज्जे यांत शेतकरी कसा नागवला जातो याची फोड केली ती याच काळातील.

वकिलाची फी हा करार आहे आणि तो न्यायालयामार्फत अंमलात आणता येतो, तसेच हयगयीबद्दल वकिलावरही दावा लावता येतो, हे 1926च्या वकील फी अधिनियमाने निश्चित केले. मात्र दाव्यातून मिळणाऱ्या मालमत्तेत वाटा घेण्याचा करार वकिलाला वर्ज्य राहिला. 1954मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील एका वकिलाला, त्याने वसुलीतील निम्मा हिस्सा ठरवून घेतल्याबद्दल, काही काळ व्यवसायातून दूर ठेवले. सामान्य माणसांमध्ये असा करार बेकायदा ठरला नाही तरी वकिलाला तो शोभत नाही, ही त्या निर्णयाची भूमिका होती आणि ती योग्य होती, कारण ज्या वकिलाचा स्वतःचा पैसा निकालात गुंतला आहे तो पक्षकाराला तडजोडीचा खरा सल्ला देऊ शकत नाही.

शेतकऱ्याचे संरक्षण करण्यासाठी सरकारने जो उपाय योजला तो विलक्षण होता. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी 1879चा दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियम झाला आणि त्याच्या 68व्या कलमाने, या कायद्याखालच्या 100 रुपयांपर्यंतच्या दाव्यांत तसेच सलोखा घडवून आणणाऱ्या अधिकाऱ्यापुढे किंवा गावमुन्सफापुढे, वकिलाला उभे राहण्यास मनाई केली. पुरेसे कारण असल्यास परवानगी देण्याची आणि गरज पडल्यास शेतकऱ्यासाठी वकील नेमण्याची सत्ता न्यायाधीशाला होती, पण सर्वसाधारण नियम मनाईचाच होता. वकील दूर झाला म्हणजे खर्च कमी होईल आणि न्यायाधीश स्वतः हिशोबाच्या मुळाशी जाईल, असा त्यामागचा विचार. आणि जुन्या व्यवहाराचा सारा इतिहास तपासण्याचे कर्तव्य कायद्याने न्यायाधीशावर टाकलेही होते. तरीही वकिलाला हटवूनही सावकाराची वही आणि तिचे सराईत वाचन सावकारापाशीच राहते, अडाणी कुळापाशी मात्र काहीच उरत नाही, ही अडचण त्याने सुटली नाही.

हाच विचार स्वातंत्र्यानंतरच्या कूळकायद्यातही आला. 1948च्या मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियमात 1956च्या दुरुस्तीने 80अ हे कलम घातले गेले आणि मामलेदार, शेतजमीन न्यायाधिकरण व कलेक्टर यांच्यापुढे वकिलांना बंदी झाली. 1 एप्रिल 1957 या कृषिदिनी कुळे जमिनीची मालक मानली जाऊ लागली. त्याच तारखेला दशमान नाणी सुरू होऊन आठ आण्यांचे पन्नास नवे पैसे झाले, म्हणजे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा जिल्ह्यांतील तहसील कचेऱ्यांत एकाच दिवशी हक्काचा आणि हिशोबाचा असे दोन्ही बदल पोहोचले. कोर्ट-फी कमी करण्याऐवजी वकिलालाच खोलीबाहेर ठेवणे हा राज्यकर्त्यांचा आवडता उपाय दोन्ही काळांत दिसतो. त्याचा खर्च सरकारच्या तिजोरीला पडत नव्हता, हे त्याच्या लोकप्रियतेचे कारण असावे.

फी नसलेल्या न्यायाचा प्रयोगही याच भूमीत झाला. 1943 ते 1946 या काळात नाना पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुंडल आणि आसपासच्या भागात प्रतिसरकार चालवले, आणि त्याची न्यायदान मंडळे गावातील तंटे तिकिटावाचून निकालात काढीत. आयर्लंडमध्ये 1920 ते 1922 या काळात डॉइलची, म्हणजे आयरिश संसदेची, न्यायालये या नावाने अशीच समांतर व्यवस्था उभी राहिली होती, आणि तेथील सॉलिसिटर त्यांत कामे चालवू लागले होते. नव्या राज्याला 1923मध्ये खास कायदा करून ती आवरती घ्यावी लागली. साताऱ्याच्या मंडळांना वकिलांचा असा आधार नव्हता आणि त्यांच्या शिक्षाही कठोर असत, पण न्यायालयाचे अंतर आणि तिकिटाचा खर्च या दोन गोष्टींनी त्रासलेल्या गावांनी ती का स्वीकारली हे समजणे कठीण नाही. त्याआधी साताऱ्यात जन्मलेले गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी स्वतः वकील असूनही 1870च्या दशकात पुण्यात लवाद न्यायालयांचा पुरस्कार केला होता, तोही याच निकडीतून.

वकिलाला शिक्षा कोणी करावी या प्रश्नावर दोन्ही देश साधारण एकाच वेळी उलट्या दिशांनी गेले. आयर्लंडच्या 1954च्या सॉलिसिटर्स अधिनियमाने सॉलिसिटरचे नाव पटावरून काढण्याची सत्ता त्यांच्याच संस्थेच्या समितीला दिली होती. 1958मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने हे न्यायालयाचे काम आहे असे ठरवून ती तरतूद घटनाबाह्य मानली आणि 1960च्या कायद्याने ती सत्ता उच्च न्यायालयाकडे गेली. भारतात तोवर सनद काढून घेण्याची अंतिम सत्ता उच्च न्यायालयाकडे होती, ती 1961च्या अधिवक्ता अधिनियमाने राज्याच्या बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीकडे आली, आणि शेवटचे अपील सर्वोच्च न्यायालयाकडे ठेवले गेले. याच अधिनियमाने वकिलांचे जुने वर्ग मोडून अधिवक्ता हा एकच वर्ग ठेवला. मुंबईतील सॉलिसिटरांचा स्वतंत्र दर्जा 1976च्या दुरुस्तीने संपला, आणि साताऱ्याच्या वकिलाने आधीच पत्करलेली एकत्रित जबाबदारी कायद्याच्या दृष्टीने सगळीकडची झाली.

दरम्यान 1959च्या मुंबई न्यायालय फी अधिनियमाने 1870ची जुनी व्यवस्था बदलली आणि कमाल फी 3,000 रुपयांवरून 15,000 रुपयांवर नेली. त्यात दिवाणी दाव्यांना कमाल मर्यादा होती, पण मृत्युपत्राच्या प्रमाणपत्रावर मर्यादा नव्हती. हा भेद सर्वोच्च न्यायालयाने 1980च्या दशकाच्या अखेरीस अमान्य केला आणि कोर्ट-फीने न्यायाची वाट अडवू नये, असा आग्रहही त्या निकालात धरला. 1994मध्ये महाराष्ट्र शासनाने पोटगी, मालमत्ता, हिंसाचार आणि घटस्फोट यांविषयीच्या स्त्रियांच्या दाव्यांना फीमाफी दिली. अधिवक्ता अधिनियमाचे 30वे कलम, ज्याने वकिलाला सर्व न्यायालयांत आणि न्यायाधिकरणांत काम चालवण्याचा हक्क दिला, ते मंजूर होऊनही 15 जून 2011 पर्यंत अंमलात आणलेच गेले नव्हते. नोंदणीची फी 1961मध्ये 250 रुपये होती, ती पुढे राज्य बार कौन्सिल आणि भारतीय बार कौन्सिल मिळून 750 रुपये झाली, पण राज्यांची बार कौन्सिले निरनिराळ्या नावांखाली हजारो रुपये घेऊ लागली. जुलै 2024मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही जादा आकारणी बंद केली; मुद्रांक शुल्क वगळता कायद्यातील रकमेपेक्षा अधिक काही मागता येणार नाही असे ठरले, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी ती रक्कम 125 रुपये आहे.